निवड वाचकाच्या हातात देताना : ट्वाइनमध्ये लिहिलेली माझी पहिली मराठी कथा

१३ जानेवारी २०२५ च्या सोमवारी एम. ए. मराठीच्या दुसऱ्या सत्रातला ‘डिजिटल साहित्य’ हा ४ श्रेयांकांचा पेपर सुरू झाला. आम्ही चौदा जण होतो. मॅडमनी फळ्यावर गुणांची विभागणी लिहिली: निर्मिती ५०, अहवाल ३०, मौखिक २०. निर्मिती म्हणजे प्रत्येकाने एक संवादी कथा करायची. वाचक मध्ये मध्ये काहीतरी निवडणार आणि त्याच्या निवडीप्रमाणे गोष्ट पुढे जाणार. आमच्यातल्या एकालाही प्रोग्रॅमिंग येत नव्हतं. मी कथा लिहिल्या होत्या, पण वहीत, सुरुवातीपासून शेवटापर्यंत एका रेषेत. त्या रात्री मला झोप लागली नाही. आता काम संपलंय आणि पुढच्या तुकडीतल्या दोघीतिघी विचारतायत, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

पहिले दोन तास इतिहासाचे झाले. ‘हायपरटेक्स्ट’ (दुव्यांनी एकमेकांना जोडलेला मजकूर) हा शब्द टेड नेल्सन यांनी १९६५ मध्ये वापरात आणला. १९७० च्या दशकात विद्यापीठांमधल्या मोठ्या संगणकांवर नुसत्या शब्दांचे खेळ आले. त्यात वाचक आज्ञा टंकायचा आणि संगणक पुढचं वर्णन दाखवायचा. ट्वाइन हे आम्ही वापरणार होतो ते साधन ख्रिस क्लिमास यांनी २००९ मध्ये केलं. ते मोफत आहे, मुक्तस्रोत आहे आणि ब्राउझरमध्येच चालतं. मग मॅडमनी ज्ञानदेवांच्या नावावर सांगितला जाणारा मोक्षपट, म्हणजे जुनी सापशिडी, दाखवला आणि विचारलं, “यात वाट आहे, चढण आहे, पडणं आहे. मग ही संवादी कथा का नाही?” वर्गात कोणीतरी म्हणालं, “कारण इथे कवड्या ठरवतात, आपण नाही.” मी ते वाक्य वहीत उतरवलं. त्याचं महत्त्व मला मार्चमध्ये कळलं.

२० जानेवारीला विषयाचा कच्चा आराखडा द्यायचा होता. मी ‘एसटी स्टँडवरची रात्र’ असं काहीतरी दिलं: मुलीची शेवटची गाडी चुकते, मग ती कुठे जाते, वगैरे. मॅडमनी एकच प्रश्न लिहून कागद परत केला: “वाचकाने इथे का निवडावं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. चहा घ्यायचा की कॉफी, डावीकडे जायचं की उजवीकडे, असल्या निवडी मी भरल्या होत्या. त्यांनी कुणाचंच काही बिघडत नव्हतं.

मी पुण्यात सहकारनगरात कॉट बेसिसवर राहते. घरमालकीण आजी ७८ वर्षांच्या आहेत. खिडकीतून पर्वतीची टेकडी दिसते, आणि आजी कधी कधी तिच्याकडे बघत “तेव्हा” म्हणतात. त्यांचं ‘तेव्हा’ म्हणजे १२ जुलै १९६१, बुधवार. आंबी नदीवरचं पानशेतचं धरण अजून पुरतं बांधून व्हायचं होतं. आदल्या रात्री जवान त्यावर वाळूची पोती रचत होते. सकाळी ते फुटलं, मग मुठेवरचं खडकवासल्याचं जुनं धरणही त्या पाण्यापुढे टिकलं नाही, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आजी तेव्हा चौदा वर्षांच्या होत्या, शनिवार पेठेत नदीजवळच्या वाड्यात भाड्याने राहत होत्या. मी मॅडमचा प्रश्न त्यांना सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, “पळावं की नाही असा प्रश्नच नव्हता गं. आधी आम्ही पाणी बघायला गेलो होतो.”

मला माझा विषय मिळाला. २७ जानेवारीला मान्यता आली, ‘ऐतिहासिक तपशील पडताळून घ्यावेत’ या शेऱ्यासह.

तपशील पडताळायचे म्हणजे जुनी वर्तमानपत्रं बघायची. शहरातल्या एका जुन्या ग्रंथालयात बांधीव फायली आहेत असं कळलं. तिथे गेल्यावर समजलं की विभागप्रमुखांचं पत्र हवं, ओळखपत्राची छायाप्रत हवी आणि तात्पुरत्या सभासदत्वाचे २०० रुपये भरायला हवेत. ३ फेब्रुवारीला पत्रासाठी अर्ज दिला, पत्र ६ तारखेला मिळालं, फाइल बघायची परवानगी ११ तारखेला. फोटो काढायची मुभा नव्हती, पेनही नाही, फक्त पेन्सिल. तुम्ही असं काही करणार असाल तर विषय सुचल्याच्या दिवशीच पत्राचा अर्ज टाका. हे आठ दिवस मला शेवटी फार महाग पडले.

पुराच्या नंतरचे अंक मी चाळले, पण सर्वांत जास्त वेळ ११ जुलैच्या अंकावर बसले. पाऊस, सिनेमाच्या जाहिराती, छोट्या जाहिराती. उद्या काय होणार हे त्या पानावर कुणालाच माहीत नव्हतं. मला हवी होती ती नेमकी तीच अवस्था. किमती नव्या पैशांत छापलेल्या पाहिल्या आणि माझ्या मसुद्यातले आणे तपासून घेतले. आजींच्या आईच्या तोंडी आणे राहू दिले, कारण आजी म्हणाल्या की घरात सगळे आण्यातच बोलायचे. दुकानाच्या पाटीवर मात्र नवे पैसे केले.

आता ट्वाइनविषयी. त्यात प्रत्येक प्रसंगाची एक चौकट असते, तिला पॅसेज म्हणतात. चौकटीत मजकूर लिहायचा आणि जिथून वाट काढायची तिथे दुहेरी चौकटी कंस घालायचे. उदाहरणार्थ: [[मी गच्चीवरून बघून येते->गच्ची]]. बाणाच्या डावीकडचं वाचकाला दिसतं, उजवीकडे पुढच्या पॅसेजचं नाव असतं. त्या नावाचा पॅसेज नसेल तर ट्वाइन तो स्वतःच तयार करतं आणि दोन चौकटींच्या मध्ये रेघ ओढतं. एवढ्या भांडवलावर संपूर्ण कथा लिहिता येते. पहिल्या संध्याकाळी माझे सहा पॅसेज झाले आणि भीती बरीच ओसरली. कथेचं स्वरूप, म्हणजे ती वाचकासमोर कशी दिसेल आणि चालेल हे ठरवणारा साचा, म्हणून हार्लो आधीच निवडलेलं असतं, मी तेच ठेवलं.

खरी अडचण व्याकरणाची होती, आणि तिच्याबद्दल मला कुणी सावध केलं नव्हतं. या प्रकारात वाचकालाच पात्र करतात. इंग्रजीत ते एका सर्वनामात भागतं. मराठीत ‘तू’ म्हटलं की क्रियापद लगेच विचारतं, मुलगा की मुलगी? तू निघालास की निघालीस? ‘तुम्ही निघालात’ म्हटलं तर लिंग लपतं, पण चौदा वर्षांच्या मुलीला तिची आई ‘तुम्ही’ कसं म्हणेल? मी आधी पळवाट शोधली. सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माच्या मागे जातं, म्हणून ‘तू दार उघडलंस’, ‘तू कंदील उचललास’ ही वाक्यं कुणालाही चालतात. चार पॅसेज मी फक्त अशा वाक्यांत लिहिले. ते वाचायला घेतले तर माझी नायिका सारखं काहीतरी उघडत, उचलत, ठेवत होती. ती धावत नव्हती, घाबरत नव्हती, रडत नव्हती. मराठीत माणूस धावला, घाबरला, रडला की तो बाई आहे की पुरुष हे सांगावंच लागतं.

म्हणून मी ठरवलं, ही मुलगीच आहे आणि वाचणारा कोणीही असो, त्याने या गोष्टीपुरतं मुलगी व्हायचं. ‘तू धावत सुटलीस.’ पुढे वर्गातल्या एका मित्राने वाचल्यावर सांगितलं की पहिल्या दोन पडद्यांवर त्याला अडखळल्यासारखं झालं आणि तिसऱ्यावर आई “परकर वर खोच आणि चल” म्हणते तिथे तो स्वतःला विसरला. त्या दिवशी मी फार आनंदात होते.

दुसरा बदल दुव्यांचा केला. ‘पुलाकडे जा’, ‘ट्रंक उघड’ असे आज्ञार्थी दुवे वाचताना कुणीतरी हुकूम सोडतंय असं वाटत होतं. मी सगळे दुवे मुलीच्या तोंडची वाक्यं केली. “आई, मी पुलापर्यंत जाऊन बघून येते.” “बाबा आल्याशिवाय मी नाही येणार.” “शेजारच्या काकूंना हाक मारू का?” आता वाचक दुव्यावर बोट ठेवतो तेव्हा तो बोलतो, आणि बोललेलं परत घेता येत नाही हे त्याला आपोआप जाणवतं. मराठीत संवादी कथा करणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा करून पाहावं असं मला मनापासून वाटतं.

१८ फेब्रुवारीला माझं काम गेलं. महाविद्यालयाच्या संगणक कक्षात बसून मी अकरा पॅसेज लिहिले होते. ट्वाइनची ब्राउझर आवृत्ती सगळं त्या ब्राउझरच्या साठवणीतच ठेवते. त्या कक्षातले संगणक बंद केले की ब्राउझरची सगळी माहिती पुसली जाते, हे भिंतीवरच्या सूचनेत लिहिलेलं होतं, पण त्याचा माझ्या कथेशी संबंध आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पडदा रिकामा होता. मी बाहेर पायरीवर बसून रडले. मग लॅपटॉपवर ट्वाइनची डेस्कटॉप आवृत्ती उतरवून घेतली, आणि त्या दिवसापासून रोज उठताना कथेची एचटीएमएल फाइल तारीख घालून जतन करायची व स्वतःला ईमेल करायची असा नेम ठेवला. सत्राच्या शेवटी माझ्याकडे ५३ फाइली होत्या. ३५० रुपयांचा पेनड्राइव्हही घेतला. ब्राउझरमध्येच काम करणार असाल तर निदान संग्रहाची फाइल रोज उतरवून ठेवा, आणि ब्राउझरचा इतिहास पुसण्याआधी दोनदा विचार करा.

गेलेले अकरा पॅसेज मी आठवून लिहिले नाहीत, पुन्हा रचले. तोवर मला फाट्यांचं गणित कळलं होतं. प्रत्येक ठिकाणी दोन वाटा दिल्या तर तीन निवडींत आठ शेवट होतात, दहा निवडींत १,०२४. एवढं कोण लिहिणार? मॅडमनी फळ्यावर नदी काढली. प्रवाह बेटाशी फुटतो, दोन बाजूंनी जातो, पुढे पुन्हा एक होतो. तशा वाटा फोडायच्या आणि ठरलेल्या घाटांवर एकत्र आणायच्या. माझे असे तीन घाट ठरले: वाड्याचा चौक, जिना आणि पर्वतीची पायथ्याची बाजू. वाचक कुठूनही आला तरी या तीन ठिकाणी यायचाच. फरक राहायचा तो त्याने काय घेतलं, कुणाला हाक मारली आणि किती उशीर केला यात.

हे लक्षात ठेवायला हार्लोमध्ये चल वापरतात. डॉलरच्या चिन्हाने त्याचं नाव सुरू होतं आणि त्यात खरं-खोटं किंवा आकडा साठवता येतो. चलांची नावं मी रोमन अक्षरांत, छोटी ठेवली. माझ्याकडे फक्त पाच चल होते, त्यातले दोन महत्त्वाचे: स्टोव्ह आणि भाडेपावत्या. घर सोडताना मुलगी दोन्ही हातांत एकच गोष्ट नेऊ शकते. हे आजींकडून आलं. त्यांच्या आईने पितळी स्टोव्ह सोडून भाडेपावत्यांची वही पदरात बांधली. पुढे कित्येक दिवस चूल मांडायची पंचाईत झाली, पण आपण त्या वाड्यात भाडेकरू होतो हे दाखवायला ती वही उपयोगी पडली. कथेत वाचकाने स्टोव्ह घेतला तर पुरानंतर पाणी उकळण्याचा पॅसेज येतो आणि शेजारणी भांडी घेऊन भोवती जमतात. पावत्या घेतल्या तर रांगेचा पॅसेज येतो. कुठलीच निवड चूक नाही. मला दोन्हींतली उणीव वाचकाला जाणवू द्यायची होती.

३ मार्चला वर्गात पहिलं वाचन झालं. नऊ जणांनी वाचलं. सहा जण पहिल्याच पडद्यावरून थेट पर्वतीवर गेले आणि तीन मिनिटांत कथा संपली. साहजिकच होतं. १२ जुलै १९६१ ही तारीख वाचली की पुण्यात राहणारा कोणीही उंचावर पळणार. वाचकाला जे ठाऊक होतं ते मुलीला ठाऊक नव्हतं, आणि मी वाचकाच्या माहितीवर निवडी बेतल्या होत्या. मी तारीख काढली. ‘पर्वतीवर चला’ हा दुवा पहिल्या वीस पॅसेजमधून काढला. त्या सकाळी मुलीसमोर जे प्रश्न खरे होते तेवढेच ठेवले. नळाला पाणी आहे तोवर भरून घेऊ का? शाळा लवकर का सुटली हे आईला सांगू का? “धरण फुटलंय म्हणे” असं दूधवाला सांगतोय, त्यावर विश्वास ठेवू का? सगळे लकडी पुलावर पाणी बघायला चाललेत, मी जाऊ का? बाबा छापखान्यात गेलेत, त्यांची वाट बघू का? प्रत्येक प्रश्न लहान होता आणि प्रत्येकात थोडा थोडा वेळ जात होता. तो वेळ एका चलात साठत होता आणि वाचकाला दिसत नव्हता.

याच सुमारास मी एक चूक केली आणि ती सुधारली, तीही सांगते. हार्लोमध्ये यादृच्छिक आकडा काढता येतो. पुलावर गेलेली मुलगी वेळेत परतते की नाही हे मी नशिबावर सोडलं, कारण पुरात नशीबच असतं असं मला वाटत होतं. एका मैत्रिणीने तीच वाट दोनदा घेतली आणि दोनदा वेगळं घडलेलं बघून विचारलं, “मग मी निवडलं त्याचा उपयोग काय?” मला कवड्यांचं वाक्य आठवलं. मी आकडा काढून टाकला. उशीर झाला तर तो आधीच्या निवडींमुळेच व्हायला हवा, मग वाचकाला ते तेव्हा कळलेलं असो वा नसो.

होळीला मी गावी गेले. १४ मार्चला धुळवड होती, घरात पाहुणे होते, म्हणून काही पॅसेज फोनवर टंकले आणि १७ तारखेला पुण्याला आल्यावर ट्वाइनमध्ये चिकटवले. मग विचित्र गोष्ट झाली. ‘पायऱ्या’ नावाच्या दोन चौकटी दिसायला लागल्या. एकीत मजकूर, दुसरी रिकामी. काही वाटा रिकामीकडे जात होत्या. मी शुद्धलेखन तपासलं. अक्षरं तंतोतंत सारखी होती. दोन दिवस मी दुवे पुन्हा पुन्हा जोडत बसले. शेवटी संगणकशास्त्राच्या विभागातल्या एका दादाने उलगडा केला. ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकता येतो. एक, नुक्त्याचा ऱ घेऊन त्याला हलन्त जोडून. दुसरा, साध्या र ला हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. माझा फोन एक वापरत होता, लॅपटॉपवरचा कळफलक दुसरा. ‘विहीर’ आणि ‘विहिर’ अशा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीनेही नवी चौकट जन्माला येते, पण ती निदान डोळ्यांना सापडते. त्यानंतर मी सगळ्या पॅसेजची नावं बदलली: क१, क२, ज१, ज२. नावं वाचकाला दिसत नाहीत, त्यामुळे ती सुंदर असायची गरज नाही. कथेच्या तपशिलांच्या खिडकीत तुटलेल्या दुव्यांची संख्या दिसते. ती शून्य असली तरी रिकाम्या चौकटी डोळ्यांनी शोधा, कारण रिकामी चौकट म्हणजे ट्वाइनच्या दृष्टीने तुटका दुवा नव्हे.

दिसण्याबद्दल थोडंसं. हार्लोची मूळ मांडणी पांढऱ्यावर काळ्या अक्षरांची असते आणि तिच्या नेहमीच्या टंकात (फॉन्टमध्ये) देवनागरी नसते, त्यामुळे प्रत्येक यंत्रावर वेगळंच अक्षर दिसतं. मी ‘टिरो देवनागरी मराठी’ हा मोफत टंक घेतला. त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. शीर्षकाच्या अक्षरांमध्ये अंतर वाढवायला गेले तर शिरोरेषा तुटली, ते लगेच काढलं. ओळींमधलं अंतर मात्र वाढवा, वेलांट्या आणि उकार एकमेकांत अडकत नाहीत. आणि टंक इंटरनेटवरून आणत असाल तर परीक्षेच्या खोलीत नेट असेलच असं धरू नका. मी आदल्या दिवशी नेट बंद करून कथा उघडली म्हणून हे कळलं आणि टंक फाइलच्या आत बसवून घेतला.

३० मार्चला, पाडव्याच्या दुपारी, मैत्रिणींबरोबर दुसरं वाचन झालं. या वेळी कुणी तीन मिनिटांत संपवलं नाही. पण सगळ्या जणी एक करत होत्या. हार्लोच्या कडेला मागे जाण्याचा बाण असतो. काही वाईट घडलं की त्या बाण दाबून मागे जायच्या आणि दुसरी निवड करायच्या. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, “बाण ठेवायचा की काढायचा हा तांत्रिक प्रश्न नाही, तुझ्या कथेचा प्रश्न आहे. तू ठरव.”

मी चार दिवस ठरवत होते. सगळीकडून काढला तर वाचक पहिल्या पडद्यापासून घाबरून निवडतो, आणि त्या सकाळी तर कुणी घाबरलेलं नव्हतं. ठेवला तर पूर हा पूर राहत नाही. शेवटी मी घर सोडेपर्यंत बाण ठेवला. वाचक मागेपुढे जाऊ शकतो, पुन्हा पाणी भरू शकतो, पुन्हा खिडकीशी येऊ शकतो. जिन्यावर आल्यावर बाण नाहीसा होतो. त्यापुढच्या पॅसेजना मी ‘पूर’ असा टॅग दिला आणि शैलीपत्रकात, म्हणजे कथेचं दिसणं ठरवणाऱ्या सूचनांत, त्या टॅगपुरता कडेचा पट्टा लपवला. दोन ओळींचं काम. वाचकाला त्याबद्दल काही सांगितलं नाही. माझ्या संपूर्ण कथेत मला सर्वांत प्रिय आहे ती हीच जागा.

एप्रिलमध्ये लेखन संपलं: ८७ पॅसेज, सुमारे ९,४०० शब्द, पाच शेवट. मग कागदपत्रं सुरू झाली. वाङ्मयचौर्य तपासणीचं प्रमाणपत्र लागतं, साम्य १० टक्क्यांच्या आत हवं, आणि तपासणीला एचटीएमएल फाइल चालत नाही, फक्त पीडीएफ किंवा वर्ड. ट्वाइनमध्ये मुद्रितशोधनासाठी सगळे पॅसेज एकाखाली एक दाखवणारी प्रत काढता येते, ती पीडीएफ करून १५ एप्रिलला दिली. २१ तारखेला अहवाल आला, साम्य ७१ टक्के. माझ्या पोटात गोळा आला. नीट वाचल्यावर कळलं की मार्चमध्ये सरावासाठी दिलेला माझाच मसुदा त्या यंत्रणेत साठवला गेला होता आणि नवी प्रत त्याच्याशी जुळत होती. ग्रंथपालांकडे अर्ज, मॅडमची सही, जुना मसुदा वगळून पुन्हा तपासणी, आणि २५ तारखेला ४ टक्क्यांचं प्रमाणपत्र. कच्चा मसुदा तपासायला देताना तो साठवू नये असा पर्याय आहे का हे आधी विचारा आणि अर्जात तसं लिहून द्या.

नियमाप्रमाणे तीन छापील, बांधीव प्रती द्यायच्या होत्या. फांद्या फुटलेली कथा कागदावर कशी द्यायची हे कुठल्या सूचनेत नव्हतं. मी पॅसेज नावांच्या क्रमाने लावले आणि प्रत्येक दुव्यापुढे ‘ज१४ पाहा’ असं लिहिलं, सोबत ट्वाइनचा नकाशा जोडला. अहवाल धरून १४२ पानं झाली. पानाला २ रुपयांनी तीन प्रतींचे ८५२ रुपये, बांधणीचे ५४०. ग्रंथालय आणि पेनड्राइव्ह धरून संपूर्ण प्रकल्पाला १,९४२ रुपये लागले. सॉफ्टवेअरला काही नाही. अहवालात मी अडचणी तारखांसकट लिहिल्या होत्या, कारण रोजची फाइल असल्यामुळे तारखा हाताशी होत्या. २८ एप्रिलला प्रती जमा केल्या.

६ मे रोजी मौखिक परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी माझ्यासमोर लॅपटॉपवर कथा उघडली आणि वाचायला लागल्या. त्या पुलावर गेल्या, दूधवाल्यावर विश्वास ठेवला नाही, बाबांची वाट बघितली. जिन्यावर त्यांनी पावत्या घेतल्या, पुढचं वाचलं आणि त्यांचा हात मागच्या बाणासाठी पडद्याच्या कडेला गेला. तिथे काही नव्हतं. त्या क्षणभर थांबल्या. मग विचारलं, “हे मुद्दाम?” मी हो म्हणाले. त्यानंतर त्यांनी ‘तू’ आणि क्रियापदांबद्दल वीस मिनिटं प्रश्न विचारले. साधनाबद्दल दोनच: फाइल किती वर्षं उघडेल, आणि ती कुठे ठेवणार. एकच एचटीएमएल फाइल आहे, ब्राउझर असेल तिथे उघडेल, आणि विभागाच्या संगणकावर एक प्रत दिली आहे, असं मी सांगितलं. मला १०० पैकी ८१ गुण मिळाले.

तिसरी बांधीव प्रत परत मिळाली ती आजींना दिली. फोनवर त्यांना वाचायचं नव्हतं. त्यांनी ‘पाहा’ वगैरे काही न बघता पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ वाचली, म्हणजे मुलगी वाचलेली, अडकलेली, आई मागे फिरलेली, न फिरलेली, सगळ्या वाटा एकापाठोपाठ एक. चार दिवस लागले. मी काही विचारलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी वही माझ्या कॉटवर ठेवली. तीन पानांवर शिसपेन्सिलीने खुणा होत्या.

“रॉकेलचा डबा जिन्याखाली नव्हता,” त्या म्हणाल्या. “मोरीच्या शेजारी होता. जिन्याखाली असता तर आईने जाता जाता उचलला असता.”

मी ट्वाइन उघडलं. रॉकेलचा डबा सात पॅसेजमध्ये होता. सातही ठिकाणी तो मोरीशेजारी नेला, जिन्यावरचं एक वाक्य काढलं, आणि फाइल त्या दिवसाच्या तारखेने जतन केली.